चाकं कुठे बघतायत? घरी बांधलेल्या विमानाचं व्हील अलाइनमेंट

कुठल्याही राज्यात जा, हमरस्त्यावर टायरवाल्याच्या दुकानाबाहेर ‘व्हील अलाइनमेंट’ अशी पाटी दिसतेच. गाडी वर चढवायची, चाकांना यंत्रं अडकवायची, पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात, खालून कोणीतरी पाना फिरवतो आणि अर्ध्या तासात गाडी बाहेर. विमानासाठी असं दुकान नाही. ज्याने विमान स्वतः बांधलंय त्याला तर हे काम स्वतःच करायचं असतं, आणि फिरवायला पानाही नसतो. कारच्या पुढच्या चाकाला टाय रॉड असतो, त्याचे आटे फिरवले की चाक वळतं. साध्या घरगुती विमानाच्या मुख्य चाकाला असं काही नसतं. एक पोलादी पाय, त्याच्या टोकाला चार बोल्टांनी बसवलेला आस, आणि त्यावर चाक. ते जिकडे बघतंय तिकडे बघतंय.

आज बोलायचंय ते एवढ्यावरच. ते चाक नेमकं कुठे बघतंय हे कसं मोजायचं, आणि चुकीकडे बघत असेल तर काय करायचं.

आधी ‘घरी बांधलेलं विमान’ म्हणजे काय ते पटकन सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा कोणा एखाद्या अवलियाचा उद्योग आहे. अमेरिकेत १९५३ साली मिलवॉकीला पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली, आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये, गोठ्यात, भाड्याच्या शेडमध्ये लोक विमानं बांधतायत. ऑशकॉशला दरवर्षी त्यांचा मेळा भरतो. रिचर्ड व्हॅन ग्रन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेची एकट्याची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. आपल्याकडे हे नाव घेतलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१७ साली त्याला नोंदणी मिळाली. गच्चीवर विमान बांधता येतं हे त्यामुळे आता आपल्याला कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

विमान बांधणारा माणूस पंख, इंजिन, वायरिंग यात वर्षानुवर्षं घालवतो. चाकांचं काम त्या मानाने एका शनिवार-रविवारचं. पण पहिल्या उड्डाणाच्या दिवशी विमान हवेत जायच्या आधी जमिनीवर धावणार आहे आणि नंतर जमिनीवरच उतरणार आहे. हवेत सगळं नीट झालं आणि उतरल्यावर तीन सेकंदांत विमान गिरकी घेऊन धावपट्टीबाहेर गेलं, पंखाचं टोक घासलं, एक पाय दुमडला, प्रोपेलर जमिनीला लागला, तर सगळी वर्षं तिथेच खर्ची पडली. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. सगळे ग्राउंड लूप चाकांच्या वाकडेपणामुळे होत नाहीत, वैमानिकाचे पाय आळशी असणं हे त्याचं जास्त नेहमीचं कारण. पण वाकडी चाकं त्या आळशीपणाला माफी देत नाहीत.

आता मुळात विमानं दोन तऱ्हेची. एकाला नाकाखाली चाक असतं, मुख्य दोन चाकं त्याच्या मागे. आपण विमानतळावर बघतो ती बहुतेक सगळी अशीच. दुसऱ्याला मुख्य दोन चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीला. याला ‘टेलड्रॅगर’ म्हणतात. टायगर मॉथ असाच, आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पुष्पकही असंच. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान पुढे फ्लाइंग क्लबांत शिकायला वापरलं गेलं. घरी बांधणाऱ्यांना टेलड्रॅगर आवडतो, कारण हलका, साधा, खडबडीत जमिनीवर चालणारा, आणि खरं सांगायचं तर दिसायला देखणा.

फरक समजायला सुपरमार्केटमधली ट्रॉली घ्या. बहुतेक ट्रॉल्यांची पुढची दोन चाकं मोकळी फिरणारी असतात आणि मागची दोन पक्की. पुढे ढकलली की सरळ जाते. आता तीच ट्रॉली भरून, जोरात, उलटी ढकलून सोडून द्या. दोन-चार मीटर जाईल, मग एका बाजूला वळेल, वळण वाढत जाईल आणि ती गर्रकन फिरून स्वतःला सुलटं करून घेईल. पक्की चाकं पुढे आणि वजन मागे असलं की हे होणारच. टेलड्रॅगर म्हणजे उलटी ढकललेली ट्रॉली. त्याचं वजनाचं केंद्र मुख्य चाकांच्या मागे असतं. विमान जरासं वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं. नाकाच्या चाकाच्या विमानात वजनाचं केंद्र मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून विमान वळलं तरी आपोआप सरळ व्हायला बघतं. म्हणूनच त्या विमानात चाकं थोडी वाकडी असली तर टायर झिजतात, बाकी फारसं काही होत नाही. टेलड्रॅगरमध्ये मात्र प्रश्न टायरचा नसतो.

दोन शब्द आणि. चाकांच्या पुढच्या कडा एकमेकांकडे आत वळलेल्या असतील तर तो ‘टो-इन’. बाहेर वळलेल्या असतील तर ‘टो-आउट’. उभं राहून स्वतःच्या पावलांकडे बघा, अंगठे जवळ आणले तर टो-इन, फाकवले तर टो-आउट. आणि चाकाचा वरचा भाग बाहेर किंवा आत कललेला असेल तर तो ‘कॅम्बर’. वरची बाजू बाहेर म्हणजे धन कॅम्बर, आत म्हणजे ऋण.

आता वादाचा मुद्दा. टेलड्रॅगरला टो-इन हवा की टो-आउट? पन्नास वर्षांपूर्वीही हँगरमध्ये यावर चहा थंड व्हायचा आणि आजही होतो.

टो-इनच्या बाजूने बोलणारे असं सांगतात. समजा विमान सरळ धावतंय आणि नाक अचानक थोडं उजवीकडे वळलं. टो-इन असेल तर डावं चाक आधीच आत, म्हणजे उजवीकडे बघत होतं, ते आता प्रवासाच्या दिशेपासून आणखी फटकून उभं राहतं. उजवं चाक उलट प्रवासाच्या दिशेच्या जवळ येतं. म्हणजे डावं चाक जास्त घासतं, डावीकडे जास्त ओढ बसते, आणि नाक परत डावीकडे येतं. ऐकायला पटतं. कारमध्ये टो-इन देतात हेही लोक पुढे करतात.

यात एक गोष्ट सुटते. नाक उजवीकडे वळलं की विमानाचा भार डाव्या चाकावर जातो, बस डावीकडे झुकते तसा. मग डावं चाक हे जास्त भार असलेलं, जास्त पकड असलेलं चाक. टो-इनमध्ये नेमकं तेच चाक उजवीकडे बघतंय. टायरची पकड त्याला उजवीकडे खेचते, आणि हे खेचणं वजनाच्या केंद्राच्या पुढे होतं, म्हणून नाक आणखी उजवीकडे. नाक आणखी वळलं की डाव्या चाकावर आणखी भार, आणखी पकड. ही साखळी एकदा सुरू झाली की पेडल पुरत नाही. टो-आउटमध्ये हेच भार घेणारं चाक थोडं डावीकडे बघत असतं, वळणाच्या विरुद्ध, म्हणून त्याचं बाजूला खेचणं कमी होतं आणि तुम्हाला पाय हलवायला वेळ मिळतो.

मग कोण बरोबर? घासण्याची ओढ आणि बाजूची पकड, दोन्ही खरी आहेत. पण एवढ्या लहान कोनात टायरचं बाजूचं बळ हे घासण्याच्या ओढीपेक्षा बरंच मोठं असतं, आणि भार एका चाकावर गेला की ते आणखी त्याच चाकावर गोळा होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टेलड्रॅगरला टो-इन नको. शून्य चांगलं. शून्य साधत नसेल तर प्रत्येक चाकाला पाव अंशापर्यंत टो-आउट चालेल. अर्ध्या अंशाच्या पुढे टो-आउटही नको, कारण मग एक चाक जरा उचललं गेलं की विमान दुसऱ्या चाकामागे जातं. ते डावीकडे-उजवीकडे डुलत धावतं आणि वैमानिक थकतो. कारच्या टो-इनचं कारण वेगळं आहे. तिथे सांध्यांमध्ये ढिलाई असते, चालताना चाकं थोडी फाकतात, ती सरळ व्हावीत म्हणून उभ्या गाडीला आधी थोडा टो-इन देतात. विमानाच्या पायात ते सांधे नाहीत.

गवताच्या मैदानावर यातलं बरंच काही माफ होतं, कारण टायर गवतावर घसरतो. आपल्याकडच्या धावपट्ट्या बहुतेक सगळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, धरतो. म्हणून परदेशातल्या गवताळ पट्टीवरून कोणी ‘माझा एक अंश टो-इन आहे, काही होत नाही’ असं सांगितलं तर ते आपल्याला लागू होईलच असं नाही.

अंश म्हणजे किती, याचा अंदाज हाताला असला पाहिजे. ६०० मिलीमीटर लांबीची सरळ पट्टी चाकाला लावली आणि चाक एक अंश वाकडं असेल तर पट्टीच्या दोन टोकांत साडेदहा मिलीमीटरचा फरक पडतो. अर्ध्या अंशाला सव्वापाच. पाव अंशाला अडीचच्या थोडं वर. एवढं तर साध्या टेपनेही पकडता येतं. आणि त्याचा परिणाम? एक अंश वाकडं चाक एक किलोमीटर धावलं तर त्याला साडेसतरा मीटर बाजूला जायचं असतं. ते जाऊ शकत नाही, म्हणून तेवढं रबर घासतं.

आता मोजायला बसू.

त्याआधी चार गोष्टी बघून घ्या. दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का. चाकाचं बेअरिंग ढिलं नाही ना. ब्रेक चिकटत नाही ना, कारण एका बाजूचा ब्रेक किंचित लागलेला असेल तर विमान त्या बाजूला ओढतं आणि माणूस अलाइनमेंटच्या मागे लागतो. आणि पाय विमानाला बसवलेले बोल्ट पूर्ण आवळलेले आहेत का. पायच हलत असेल तर चाकाचं माप काय घेणार?

जागा सपाट हवी. पंखांच्या दिशेने विमान आडवं सरळ हवं, त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी सगळ्यात छान. शेपटी घोडीवर ठेवून विमान उड्डाणाच्या स्थितीत सपाट करा. आसनांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, टाकीत थोडं इंधन असू द्या. दोन आसनांचं असं विमान रिकामं साधारण ४५० ते ५०० किलो, भरलेलं ७०० ते ८००. मी मधलं वजन धरतो. कारण पुढे येईल.

यानंतरचं काम लोक सर्रास टाळतात, आणि ते टाळलं तर पुढची सगळी मापं खोटी. प्रत्येक चाकाखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये भरपूर ग्रीस. पाय स्प्रिंगसारखे आहेत. वजन आलं की ते फाकतात, पण टायर जमिनीला धरून बसतो आणि पायाला पूर्ण फाकू देत नाही. ग्रीसच्या पत्र्यावर चाक हवं तिथे सरकतं. पत्रे ठेवल्यावर विमान जरा हलवा, पंखाच्या टोकाला हलके दाबा, सोडा, म्हणजे पाय आपल्या जागी स्थिरावतो. हे करताना शेपटी घोडीला बांधलेली असू द्या आणि एक माणूस फक्त तिच्यावर लक्ष ठेवून उभा असू द्या. ग्रीसवर उभं विमान म्हणजे बर्फावरचा हत्ती.

आता जमिनीवर मध्यरेषा. विमानाच्या पुढच्या टोकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण. शेपटीच्या खांबाच्या मध्यावरून दुसरा ओळंबा, दुसरी खूण. दोन खुणांमधून सुताराच्या सुताने रेघ मारा. ही रेघ म्हणजे विमानाचा कणा. नंतर शेपटीच्या खुणेपासून दोन्ही आसांपर्यंतची तिरकी अंतरं मोजा, ती सारखी असायला हवीत. नसतील तर एक पाय पुढे किंवा मागे बसलाय, आणि तो प्रश्न शिमने सुटणार नाही.

मग चाकाच्या मध्याच्या उंचीवर टायरच्या बाहेरच्या बाजूला सरळ पट्टी लावा. पट्टीच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडा, जमिनीवर खुणा करा, आणि प्रत्येक खुणेपासून मध्यरेषेपर्यंत काटकोनात अंतर मोजा. काटकोनासाठी गुण्या वापरा, डोळा नको. टायर स्वतःच थोडा वेडावाकडा असतो, म्हणून एक माप घेऊन चाक अर्धा फेरा फिरवा, परत माप घ्या, सरासरी धरा. हे जास्त नेमकं हवं असेल तर चाकं काढून आसालाच सरळ अँगल बांधा. आजकाल लोक आसाला लेझर बांधून समोरच्या भिंतीवर ठिपका पाडतात. पाच मीटरवर अर्ध्या अंशाचा फरक ४४ मिलीमीटर दिसतो, फार सोयीचं. फक्त लेझर स्वतः सरळ बांधलाय का, हे आधी पाहा.

आकड्यांत सांगतो. ६०० मिलीमीटरची पट्टी. समजा उजव्या चाकाचं पुढचं टोक मध्यरेषेपासून १०१२ मिलीमीटर, मागचं १००७. पुढचं पाच मिलीमीटर बाहेर, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश टो-आउट. डाव्या चाकाचं पुढचं १००३, मागचं १००९. पुढचं सहा मिलीमीटर आत, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त टो-इन. आता ज्याने मध्यरेषा मारलीच नाही, तो फक्त दोन चाकांमधलं अंतर मोजतो. पुढे २०१५, मागे २०१६. एक मिलीमीटर! तो खूश होऊन घरी जातो. प्रत्यक्षात त्याची दोन्ही चाकं उजवीकडे बघतायत. विमान धावेल, पण नाक प्रवासाच्या दिशेपासून अर्धा अंश डावीकडे ठेवून, खेकड्यासारखं तिरकं. जीवघेणं नाही हे, पण सरळ उतरलेलं विमान टेकताक्षणी बाजूला ओढ घेतं आणि वैमानिकाला कळत नाही का. म्हणून प्रत्येक चाकाचं माप वेगळं, आणि मध्यरेषेपासून.

दुरुस्तीला शिम. आसाचा तळ आणि पाय यांच्यामध्ये बसणारी पाचरीसारखी पातळ चकती, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला बारीक. अर्ध्या अंशाच्या, एक अंशाच्या तयार मिळतात. आस पायाच्या बाहेरच्या अंगाला बसलेला असेल तर जाड कड पुढे ठेवली की चाक बाहेर बघायला लागतं, टो-आउट. जाड कड मागे ठेवली की टो-इन. जाड कड वर ठेवली तर चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो, म्हणजे कॅम्बर बदलतो. आपल्या उदाहरणात उजव्या चाकाला अर्ध्या अंशाची शिम जाड कड मागे, डाव्याला तशीच जाड कड पुढे. दोन्ही शून्याजवळ येतात.

शिम घालताना तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या. ब्रेकचा तळही त्याच बोल्टांवर असतो, तेव्हा शिम त्याच्या खाली जायला हवी, म्हणजे ब्रेक आणि चाक एकत्र वळतात. शिममुळे जाडी वाढली की बोल्टची लांबी कमी पडते, आटे पूर्ण नटाबाहेर दिसले पाहिजेत, आणि बोल्टचा गुळगुळीत भागच पायाच्या भोकात बसला पाहिजे, आटे नाहीत. आणि एकावर एक शिमांची थप्पी मी कधीच लावत नाही. बोल्टचं डोकं तिरकं बसतं आणि बोल्ट आवळताना वाकतो. दोन अंशांची दुरुस्ती लागत असेल तर चूक शिमच्या जागी नाही, वर कुठेतरी आहे. पाय कसा बसलाय ते बघा.

पायाचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा. पट्टीच्या स्प्रिंगचा पोलादी पाय ही स्टीव्ह विटमन यांची देणगी. शर्यतीची विमानं बांधणारा हा माणूस, ऑशकॉशच्या विमानतळाला आज त्यांचं नाव आहे. सेसनाने ही कल्पना परवान्यावर घेतली आणि १९४६ च्या सेसना १४० पासून ती जगभर गेली. नंतर विटमन यांनीच निमुळत्या गोल दांड्याचा पाय केला, आणि आरव्ही मालिकेच्या बऱ्याच विमानांत तोच आहे. गोल दांड्यात एक गोम आहे. दांडा गोल असल्यामुळे तो आपल्या खोबणीत कुठल्याही कोनात फिरू शकतो. त्यातून आरपार बोल्टचं भोक पाडलं की कोन कायमचा ठरला. म्हणजे तिथे अलाइनमेंट हे भोक पाडायच्या आधीचं काम. भोक पाडण्याआधी सगळी मापं तीनदा घ्या, कोणाकडून तरी चौथ्यांदा घ्यायला लावा.

जुन्या तऱ्हेच्या नळ्या जोडून केलेल्या पायांत, पायपर कबसारख्या, वेल्डिंग करताना नळी ओढली जाते. तिथे अनुभवी माणूस साधी नळी तापवून थोडी वाकवू शकतो. स्प्रिंगच्या पायाला मात्र ज्योत दाखवायची नाही. त्या पोलादाची सगळी ताकद त्याच्या टेंपरमध्ये असते, तापवलं की ती गेली, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता ते मधलं वजन आणि शेपटी. इथे खरी गंमत आहे, आणि बरेच जण इथेच फसतात.

स्प्रिंगचा पाय रिकाम्या विमानात आत ओढलेला असतो, चाकांचा वरचा भाग बाहेर, धन कॅम्बर. वजन वाढलं की पाय फाकतो, चाक उभं होतं, आणखी वाढलं तर वरचा भाग आत जातो. पाय पुढे किंवा मागे कललेला असेल तर वाकताना चाक थोडं वळतंही. म्हणून रिकाम्या विमानावर घेतलेलं माप भरलेल्या विमानाला लागू नाही. विमान टेकतं तेव्हा पंख अजून बरंच वजन उचलून धरत असतात आणि पाय जवळजवळ रिकामे असतात, वेग कमी होतो तसं वजन पायांवर येतं. एकच आकडा सगळीकडे बरोबर बसणार नाही. मधलं वजन ही तडजोड आहे.

शेपटीचा भाग याहून विचित्र. शेपटी वर असताना चाक अगदी शून्य टोवर आहे असं धरा, पण तीन अंश धन कॅम्बर आहे. आता शेपटी खाली टेकवा, विमान बारा अंश मागे कललं. चाकाचा कललेला आस विमानाबरोबर फिरला, आणि कॅम्बरचा थोडा भाग टो झाला. तीन अंशांचा कॅम्बर, बारा अंशांचा कल, हिशेब करा: सहा दशांश अंश टो-इन. ६०० मिलीमीटरच्या पट्टीवर साडेसहा मिलीमीटर. कोणी काही हलवलेलं नाही, फक्त शेपटी खाली ठेवली. कॅम्बर ऋण असेल तर उलटं, टो-आउट होतो.

हातात एक थाळी घ्या, चाकासारखी उभी धरा, वरची कड थोडी बाहेर कलवा, आणि मग ती तशीच कललेली ठेवून मनगट मागे झुकवा. पुढची कड आत येताना दिसेल. मी शिकवायला बसलो की ही थाळी आधी काढतो, गणित नंतर.

याचा अर्थ, तीन चाकांवर एकदम टेकणारा वैमानिक आणि शेपटी वर ठेवून दोन चाकांवर टेकणारा वैमानिक, एकाच विमानात दोन वेगवेगळ्या अलाइनमेंटवर उतरत असतात. म्हणून शेपटी वर ठेवून शून्य जुळवलं की काम संपलं असं नाही. शेपटी खाली टेकवून, पत्र्यांवर पुन्हा ग्रीस घालून, सगळी मापं परत घ्या. तिथे टो-इन दिसला तर आधी कॅम्बर कमी करा, शिम थोडी फिरवून, म्हणजे जाड कड पुढे आणि खाली यांच्या मधोमध. एकाच शिमने दोन्ही साधतात, फक्त ती कुठल्या कोनात बसवायची यासाठी आधी पुठ्ठ्यावर काढून बघावं लागतं. चार बोल्टांच्या भोकांमुळे हवा तो कोन मिळत नाही, जवळचा घ्यायचा. काही लोक शेपटी वर असताना मुद्दाम पाव अंश टो-आउट ठेवतात, म्हणजे खाली आल्यावर ते शून्याच्या आसपास येतं. मला ही पद्धत पटते. तुम्ही नेहमी तीन चाकांवर उतरणार असाल तर विशेषच.

काम झालं की पहिली चाचणी टॅक्सीची. वारा नसताना, चालण्याच्या वेगाने, हात-पाय मोकळे ठेवून विमान सोडा आणि ते कुठे जातं बघा. मग त्याच पट्टीवर उलट्या दिशेने. धावपट्टीला पाणी वाहून जावं म्हणून मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार असतो, त्यामुळे एका दिशेने केलेली चाचणी उताराची असते, चाकांची नाही. दोन्ही वेळा विमानाच्या एकाच बाजूला ओढ असेल तरच चाकांकडे बघा, आणि त्यातही ब्रेक आधी.

मग वेग हळूहळू वाढवत न्या. साधारण दहा तासांच्या उड्डाणानंतर टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. दोन्हीकडे सारखं लागलं तर चांगलं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत लागलं तर रबर बाजूला घासलं जातंय. फक्त बाहेरची कड झिजलेली दिसली तर लगेच टोला दोष देऊ नका. स्प्रिंगच्या पायांची विमानं टेकताना बाहेरच्या कडेवर टेकतात, तेवढी झीज त्यांच्या जन्माची. टायर रिमवर उलटा करून बसवला की दुसरी कड वापरात येते.

आणि सगळी मापं विमानाच्या लॉगबुकात लिहून ठेवा. तारीख, विमानाचं वजन, शेपटी वर की खाली, प्रत्येक चाकाची पुढची-मागची चार अंतरं, कुठली शिम कुठल्या कोनात. जोरात टेकलेल्या एखाद्या लँडिंगनंतर पाय वाकलाय का असा संशय येईल, तेव्हा हीच मापं परत घ्यायची आहेत, आणि जुने आकडे समोर असले तर दोन मिलीमीटरचा फरकही लगेच दिसतो.